आठ चाकांची हजेरी

खटका म्हणजे दाराचा खटका नव्हे, मुलगी. वय सतरा. बाप लोखंडी गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा, त्यामुळे घरातली टोपणनावंसुद्धा दुकानातूनच यायची. ही जरा धक्का लागला की खाडकन उडायची, म्हणून खटका. नववीत गणिताच्या तासाला अशीच एकदा उडाली, ती शाळेत परत बसलीच नाही. तेव्हापासून दुकानात. वेल्डिंग असं करायची की जोड कुठाय ते शोधावं लागे. फक्त गिऱ्हाइकाशी तिला बोलू द्यायचे नाहीत, कारण गिऱ्हाइकं टिकवायची होती.

तिची एक जीप होती. मामा डोंगरांत जमीन मोजायच्या कामावर होता. ते काम संपलं, तो बोटीवर नोकरीला गेला आणि जाताना जीप भाचीला देऊन गेला. दणकट गाडी. चिखल, दगड, ओढा, कशातूनही जाईल अशी. जाईल म्हणजे, इंजिन असतं तर गेली असती. इंजिन खटकाने स्वतःच उघडलं होतं, बघू तरी आत काय असतं म्हणून, आणि ते सध्या रंगाच्या रिकाम्या डब्यांत सुट्टं सुट्टं पडलं होतं. ब्रेकही नव्हते. स्टिअरिंग मात्र लोण्यासारखं फिरायचं. रोज संध्याकाळी काम आटपलं की खटका मागच्या बोळात जीपमध्ये बसून ते फिरवायची, आणि बोळातली मांजरं सवयीने बाजूला व्हायची.

मग एक दिवस कागद आला. येत्या गुरुवारी पाच वाजेपर्यंत गाडी तपासणीच्या आवारात हजर करा, नाहीतर नंबर रद्द. नंबर गेलेली गाडी म्हणजे भंगार, आणि भंगार उचलून नेण्यात येईल. गाडी चालू असायची अट नव्हती. आपल्या चार चाकांवर उभी पाहिजे, ट्रकवर लादून आणलेली चालणार नाही, एवढंच. हजेरी लागली की दुरुस्तीला सहा महिने मिळणार.

"स्वतः शाळेत कधी हजेरी लावली नाहीस," आत्या म्हणाली, "आता गाडीची लाव."

आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. शेजारीच तिची लाँड्री. गेस्ट हाउसच्या, दवाखान्यांच्या चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या आणि व्हॅनमधून पोचवायच्या. अख्ख्या घरात चालतं वाहन तेवढं एकच, त्यामुळे कुणाचं काही अडलं की सगळे आत्याच्या दारात. आत्या आधी नाही म्हणायची, मग चावी शोधायची.

तपासणीचं आवार अकरा किलोमीटरवर. बापाने दोर सुचवला. खटकाने विचारलं की व्हॅन थांबल्यावर जीप कशी थांबणार, ब्रेक कुठायत. बाप म्हणाला, थांबेल कुठेतरी. कुठेतरी म्हणजे आपल्या चादरींत, हे आत्याला लगेच कळलं, आणि दोराचा विषय तिथेच बारगळला.

राहिला टो-बार. दोन गाड्यांच्या मधला लोखंडी दांडा. पुढची थांबली की मागची आपोआप थांबते, मध्ये लोखंडच आहे म्हटल्यावर जाते कुठे. ही काही फार मोठी विद्या नव्हती. चौकोनी जाड पाइपचे दोन तुकडे, छपरासारखे एकमेकांना टेकवलेले. दोन पाय जीपच्या पुढच्या चासीला, म्हणजे सांगाड्याला, चार बोल्टांनी बांधायचे, आणि शेंडा व्हॅनच्या मागच्या बाजूला एका जाड खिळीत अडकवायचा, म्हणजे वळणावर दांडा खिळीभोवती फिरेल. खटकाने दुकानाच्या फरशीवर खडूने सगळं काढलं, तीनदा मोजलं, एकदा पुसलं. बाप कमरेवर हात ठेवून बघत होता.

"नक्षी कुठाय?" त्याने विचारलं.

खटकाला वाटलं चेष्टा करतोय. पण बाप नक्षीच्या बाबतीत चेष्टा करत नसे. त्याच्या दुकानातून आजवर एक गज साधा गेला नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारालासुद्धा त्याने वेलबुट्टी घातली होती, आणि कोंबड्या आत जायच्या आधी थबकायच्या असं तो अभिमानाने सांगायचा. खटका म्हणाली की हा दांडा आहे, दिवाणखाना नव्हे. तो म्हणाला, रस्त्यावर लोक बघणार, ह्या दुकानातून नुसता पाइप गेला म्हणणार. तिने पाना आपटला. त्याने जाड पाइपच्या कपाटाची किल्ली खिशात टाकली. शेवटी तह झाला: दोन्ही बाजूंना एकेक वेटोळं आणि मधोमध एक पान. शेंड्याला त्याला भाला हवा होता, पण तो भाला सरळ आत्याच्या दिशेने जाणार होता, म्हणून आत्यानेच तो नामंजूर केला.

आता बापाची दुसरी सवय सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे. गेटचे नट चोर पान्याने खोलतात आणि अख्खं गेट खांद्यावर टाकून नेतात. म्हणून ह्या धंद्यात नट कसला की त्यावर वेल्डचा एक टाका मारायचा. मग तो नट पुन्हा जन्मात सुटत नाही. बापाने हे तीस वर्षं केलं होतं. कसलेला नट दिसला की त्याचा हात आपोआप वेल्डिंगच्या होल्डरकडे जायचा, एकाची जांभई बघून दुसऱ्याला जांभई यावी तसा.

गुरुवारी दुपारी खटकाने दांडा चढवला, चारही बोल्ट कसले, खिळीखालचा नट कसला, आणि हात धुवायला, शर्ट बदलायला, कागद घ्यायला घरात गेली. दहा मिनिटं. बाहेर आली तर दांडा काळ्या रंगात चमकत होता. दाखवायला न्यायचंय म्हणून बापाने रंग मारला, असं तिला वाटलं. छान दिसतंय, असं ती चक्क तोंडाने म्हणाली. बाप एवढा खूश झाला की रंगाच्या आधी आपण काय केलं हे त्याने सांगितलंच नाही. तसंही, आज मी श्वास घेतला असं कोण सांगतं?

निघाले. पुढे व्हॅनमध्ये आत्या, मागे जीपमध्ये खटका, स्टिअरिंग धरून. दांड्याने काम झकास केलं. आत्या वळली की जीप वळायची, आत्या थांबली की जीप थांबायची, आत्याने कुणाला शिवी दिली की खटका मागून दुसरी द्यायची. वाटेत गेस्ट हाउसच्या मळक्या चादरी उचलून धुतलेल्या चाळीस द्यायच्या होत्या. त्या देऊ दिल्या तरच व्हॅन मिळेल असा आत्याचा करार होता. गेस्ट हाउसच्या दारासमोर ही आगगाडी उभी राहिली आणि आत यायचं दार, बाहेर जायचं दार, दोन्ही एकदम बंद झाली. बॅगा घेतलेला एक पाहुणा जीपच्या एका बाजूने चढला, खटकाला माफ करा म्हणाला आणि दुसऱ्या बाजूने उतरला.

चार वाजता आवारात पोचले. पत्र्याची शेड, जमिनीवर पांढऱ्या रेघा, आत यायला एक फाटक, बाहेर जायला दुसरं. आत यायच्या फाटकालगत एक खोली आणि तिला खिडकी. खिडकीत तपासणी साहेब. साहेबांच्या खुर्चीचा एक पाय मोडका होता, त्याखाली जुन्या वह्यांचा ढीग लावला होता, आणि साहेब उठले की ढीग सरकायचा. म्हणून साहेब उठत नसत. जे खिडकीतून दिसेल तेवढंच तपासत आणि रजिस्टरात लिहीत. आवाज मात्र एकदम मऊ.

"काय हजर करायचंय?"

खटकाने मागची जीप दाखवली.

"मग पुढचं सोडवा. एका अर्जावर एकच वाहन."

खटका पाना घेऊन दांड्याखाली गेली. पाना लावला, ओढला, घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. मग तिने नखाने ओला रंग खरवडला आणि खाली वेल्डचा टाका दिसला. शेजारी शेजारी बसलेल्या खवल्यांसारखा, एकसारखा, सुबक. बापाचं अक्षर ओळखावं तसा तिने तो ओळखला. तिने पाचही नट बघितले. पाचही ठिकाणी तेच अक्षर. खीळ फिरत होती, पण निघत नव्हती.

तिने दुकानात फोन लावला.

"बाबा, नटांना टाके मारलेत?"

"पाचही," बाप म्हणाला. आवाजात नुसतं समाधान.

"का?"

"कुणी काढून नेलं म्हणजे?"

"मलाच काढायचंय."

मग बाप म्हणाला, "मग कसलंस कशाला?"

बाप टाके कापायचा ग्राइंडर घेऊन निघतो म्हणाला, बसने, पाऊण तासात पोचतो. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

आत्याने खिडकीशी जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. घाई नव्हती, राग नव्हता, अशा माणसाची खटकाला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

"सुटत नाही म्हणजे ही दोन वाहनं नाहीत," साहेब म्हणाले. "एक आहे."

"दोन आहेत," आत्या म्हणाली. "मोजा की. आठ चाकं."

"आठ चाकांचीही असतात."

"दोन नंबरप्लेट आहेत."

"तोच तर गुन्हा होईल." साहेबांनी एक जाड नियमांचं पुस्तक काढलं, थुंकी न लावता पानं उलटली आणि चेहरा उजळला. "काळजी करू नका. तुमचं बसतंय. जे वाहन पुढच्या वाहनाला जोडलेलं आहे आणि त्याच्या मागून जातं, तो ट्रेलर. मी जीपची ट्रेलर म्हणून हजेरी लावून टाकतो. आजच्या आज. नंबर राहील."

आत्याला ते पटलं. नंबर राहतोय ना, ती म्हणाली, मग ट्रेलर तर ट्रेलर. खटकाने विचारलं, ट्रेलर लिहिलं तर पुढे इंजिन बसवता येईल का.

"ट्रेलरला इंजिन?" साहेबांना पहिल्यांदाच धक्का बसला. "छे. ट्रेलरला इंजिन बसवणं म्हणजे कारवाई. ट्रेलर ट्रेलरच राहतो."

म्हणजे जीप राहणार, पण कायमची दुसऱ्या कुणाच्या तरी मागे. स्टिअरिंग फिरेल, मांजरं बाजूला होतील, आणि बस्स. खटकाने पाना उचलला. तो कुठे मारायचा हे तिचं ठरलं नव्हतं, पण आत्याने तिचं कोपर धरलं आणि तिला शेडच्या सावलीत नेऊन उभं केलं. इथे उभी राहा आणि शंभर मोज, म्हणाली. साडेचार झाले होते.

खटका मोजत नव्हती, बघत होती. रागात असली की तिला नेहमीपेक्षा जास्त दिसायचं. एक मोठा ट्रक आत आला, मागे काँक्रीटचा मिक्सर. साहेबांनी खिडकीतून पहिलं जे दिसलं त्याच्यापुढे 'वाहन' लिहिलं, नंतर जे दिसलं त्याच्यापुढे 'ट्रेलर'. मग एक माणूस स्वतःची बंद पडलेली छोटी मोटार ढकलत आत आला. साहेबांनी मोटार लिहिली, मग माणसाला विचारलं की तुम्ही जोडलेले आहात का. तो नाही म्हणाला. तेव्हा त्याला सोडून दिलं.

कोण कुणाला ओढतंय हे साहेब बघतच नव्हते. खिडकीसमोरून आधी कोण जातं, एवढंच.

खटका आत्याकडे गेली आणि कानात बोलली. आत्याने ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे माझी व्हॅन ट्रेलर?"

"कागदावर."

"हजार वेळा तुम्हा सगळ्यांना ओढलं त्या व्हॅनने."

"हो."

"आणि लिहिणार काय, तर तुझ्या त्या डबड्याने तिला ओढलं."

खटकाला खोटं सांगता येत नव्हतं आणि खरं हेच होतं. आत्या जीपकडे बघत राहिली, मग साहेबांच्या खिडकीकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. "नाही जमणार," ती म्हणाली, आणि व्हॅनची चावी शोधायला लागली.

बाहेरच्या फाटकाने निघून ते रस्त्याला लागले आणि आत यायच्या फाटकाच्या थोडं पुढे जाऊन थांबले. आता उलटं आत जायचं. आत्याने रिव्हर्स टाकला. व्हॅनचा रिव्हर्सचा भोंगा टीं टीं करायला लागला, दांडा ढकलायला लागला, आणि जीप पाठमोरी निघाली. जीपचं ढुंगण पुढे, तोंड मागे. खटका सीटवर उलटी वळून बघत होती, आत्या आरशात बघत होती, आणि दोघींची डावीकडची व्याख्या वेगळी निघाली. पहिल्या वेळी जीप फाटकाच्या खांबाशी गेली. दुसऱ्या वेळी दोन्ही गाड्या मधून मोडल्यासारख्या झाल्या आणि दोघी एकमेकींच्या शेजारी येऊन एकमेकींवर ओरडल्या. मग खटका म्हणाली की आत्या, तू नुसती सरळ ढकल, वळवायचं माझ्यावर सोड. आत्याने आयुष्यात कुणावर काही सोडलं नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले आणि रिव्हर्स टाकला.

खटकाने स्टिअरिंग जरा इकडे, जरा तिकडे, लोणी फिरवावं तसं फिरवलं. जीप फाटकातून आत गेली, खांबापासून वीतभर अंतर राखून. पाचला आठ मिनिटं कमी होती.

साहेबांनी खिडकीतून बघितलं. पहिली जीप आली. त्यांनी पेन उचललं, मग थांबले.

"ही मघाचीच नव्हे ना?"

"मघाशी व्हॅन पुढे होती," खटका म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली. तसं होतं खरं. "मागे काय आहे?"

"ट्रेलर," आत्या व्हॅनमधून म्हणाली.

"ट्रेलरमध्ये माणूस बसत नाही."

"मी चादरींबरोबर आहे."

मालाबरोबर माणूस चालतो की नाही हे साहेबांनी पुस्तकात बघितलं. चालत होता. "ट्रेलरला दिवे वगैरे चांगले आहेत," ते म्हणाले. "लोक दुर्लक्ष करतात." पुन्हा पेन उचललं, पुन्हा थांबले. कान टवकारले. "इंजिनाचा आवाज येतोय."

खटकाने जीपच्या दारावर हात ठेवला. "येणारच. गाडी आहे."

साहेबांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं. उठून आले असते तर सगळं संपलं असतं. त्यांनी खुर्चीच्या दांड्यांवर हात ठेवलेही, वर झालेही, आणि खालच्या वह्या सरकल्याचा आवाज आला. साहेब घाईने परत बसले. मग त्यांनी शिक्का उचलला, त्यावर फुंकर मारली आणि ठोकला. जीप, हजर. मागे ट्रेलर, एक. मुदत सहा महिने.

खटका तो कागद हातात धरून उभी राहिली. इतकी वर्षं कागद म्हटला की तिच्या हातात नापास असं लिहिलेला यायचा. तिने तो दोनदा वाचला, मग पँटच्या खिशात घातला, मग काढून शर्टाच्या खिशात घातला.

निघताना नवीनच भानगड. मघाशी कागदच नव्हता म्हणून बाहेरच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने सोडलं होतं, आता त्याने कागद बघितला, गाड्या बघितल्या. कागदावर जीप पुढे आहे, म्हणाला, तेव्हा जीप पुढेच जाणार. आत्या म्हणाली की आम्हाला घरी जायचंय. तो म्हणाला, जा की, पण लिहिलंय तसं जा. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो फाटकाला हात लावून उभा होता, आणि अशा माणसाशी कुणी जिंकत नाही.

तर मग उलटंच. जीप पाठमोरी पुढे, व्हॅन पाठमोरी मागे, भोंगा टीं टीं. रस्त्यावरचे लोक उभे राहून बघायला लागले. सायकलवाला एकजण बराच वेळ शेजारून चालवत होता, कुठली बाजू पुढची ते ठरवत. पहिल्याच थांब्यावर बसमधून बाप उतरताना दिसला, ग्राइंडर छातीशी धरलेला. त्याने आधी दांड्याकडे बघितलं. वाकून पाचही टाके बोटाने चाचपले.

"एकही हलला नाही," तो म्हणाला.

मग त्याला समजलं की गाड्या उलट्या चालल्यायत. खटकाने त्याला कागद दाखवला. त्याने वाचला, लेकीकडे बघितलं, ग्राइंडरची वायर हातावर गुंडाळली आणि जीपच्या मागच्या टोकाला, म्हणजे आता सगळ्यात पुढे, चढून उभा राहिला. तिघांत मान न वळवता रस्ता दिसणारा तोच एकटा होता. म्हणून खड्डा आला की तो ग्राइंडर उजवीकडे करायचा, गाय आली की डावीकडे, आणि खटका तसं वळवायची. एकदाही चुकली नाही.

आवार मागे पडलं, वळण आलं, वळणापलीकडे फाटकही दिसेना. आत्याने व्हॅन थांबवली. भोंगा बंद झाला. एकदम शांत वाटलं. आत्या खिडकीतून डोकं काढून मान चोळत म्हणाली, की आता कुणी बघत नाही, सरळ जाऊ या, माझी मान गेली.

"कागदावर तसंच लिहिलंय आत्या," खटका म्हणाली. "कुणी अडवलं तर?"

"दहा किलोमीटरात कोण अडवतंय?"

खटकाने वळवलेली मान सरळ केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. समोर, बापाच्या दोन पायांच्या मधून, अख्खा रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यावर तिच्या गाडीच्या पुढे कुणी नव्हतं.

आत्याने आरशात तिच्याकडे बघितलं. मान पुन्हा एकदा चोळली, एक छोटीशी शिवी दिली, आणि रिव्हर्स टाकला.